पाटावरची संगीन

आज खंडेनवमी. सकाळी आंघोळ झाल्या झाल्या हॉलमध्ये टीव्हीच्या खाली पाट मांडला, त्यावर लाल खणाचा तुकडा अंथरला आणि घरातली हत्यारं एकेक करून ठेवली. हत्यारं म्हणजे काय, तर विळी, दोन सुऱ्या, कातर, निखिलच्या पेटीतला पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. सिल्व्हर पार्कातल्या चौथ्या मजल्यावर आणखी काय असणार? आणि या सगळ्यांच्या मधोमध, हळदीकुंकवाची बोटं लावलेली, वीतभर लांबीची एक जुनी संगीन. मूठ खैराच्या लाकडाची. बाकी सगळी लोखंडाची, काळी, गोल, धार कुठेच नाही. नुसतं टोक.

शेजारची जिग्ना नवरात्राचा प्रसाद द्यायला आली. चप्पल काढता काढता तिची नजर पाटावर गेली.

"आंटी, ये क्या है? सुआ? बरफ तोडनेवाला?"

"हां, वही समझो," मी म्हटलं.

"इसकी भी पूजा होती है आपमें?"

"आज सबकी होती है."

ती गेली. मी दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेरची बाई, पहिल्या नजरेत बर्फाचं नाव घेऊन गेली. शकुनबिकुन मला कळत नाहीत, आयुष्यभर ऑफिसात बसून फायली लावलेली बाई आहे मी. पण मी दाराची वरची कडीही लावली हे खरं आहे.

नवमीला पाटावर ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नसतं. एक दिवस त्यांना सुट्टी. भाजी हातानं मोडायची, नारळ आदल्या दिवशीच खवून ठेवायचा, दोरा दातानं तोडायचा. आमच्याकडे तारोडीला हे फार कडक होतं. समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरात कुठलाच नियम सैल नसतो, कारण सैल सोडला आणि काही झालं तर मग कोणाला विचारायचं?

तारोडीला आमची दोन घरं एकाच अंगणात होती. एक आमचं, एक मोठाबाबाचं. मोठाबाबा म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ. पलटणीत पंधरा वर्षं काढून तो परत आला आणि दुसऱ्या दिवशी होडीवर गेला, जसा काही मधे कुठे गेलाच नव्हता. त्याला आणि त्याच्या बायकोला, मोठीआयला, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मला दोन्ही घरी जेवण आणि दोन्ही घरी मार मिळायचा. जेवण मोठीआयचं चांगलं, मार आईचा कडक. मोठीआय मारायचा म्हणून हात उचलायची आणि मग माझे केस सारखे करून सोडून द्यायची.

अंगणात बांबूच्या मांडवावर बोंबील सुकत लटकलेले असायचे. वारा आला की ते एकमेकांवर आपटून बारीक खडखड करायचे. तो वास मला अजून नाकात येतो, मध्येच, लिफ्टमध्ये वगैरे, आणि मी इकडे तिकडे बघते की आणखी कोणाला येतोय का. लोकांना घाण वाटतो तो. मला वाटतं आता कोणीतरी मला हाक मारेल.

पण बोंबलाच्या वासापेक्षा मला बर्फाचा वास आठवतो. बर्फाला वास नसतो म्हणणाऱ्यांनी लादीचा बर्फ पाहिलेला नाही. भाईंदरहून टेम्पो यायचा, भाताच्या तुसात, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या लाद्या. अंगणात लादी पडली की जमीन हादरायची. गोणपाट सोडलं की आतून वाफ निघायची आणि तिला ओल्या तागाचा, तुसाचा, लोखंडाचा असा मिळून एक वास असायचा. मोठाबाबा उकिडवा बसायचा, म्यानातून संगीन काढायचा आणि लादीवर एका जागी चार-पाच वेळा हलकेच टोचायचा. मग एकदाच जोरात. लादीच्या पोटातून एक पांढरी रेघ पळत जायची आणि लादीचे दोन तुकडे. त्याचा कधी नेम चुकला नाही. उडालेल्या कपच्या आम्ही पोरं फ्रॉकमध्ये गोळा करायचो.

घरात सगळे तिला टोचा म्हणायचे. तो एकटा संगीन म्हणायचा. त्याच्याकडून मला तिचं सगळं घराणं पाठ झालं होतं, शाळेतल्या इतिहासापेक्षा पक्कं.

"आधी भाला व्हता," तो सांगायचा. "मग बंदूक आली. पण जुनी बंदूक कशी, एकदा वाजली की परत दारू भरा, गोळी ठासा, गज मारा. तवर घोडेवाला अंगावर. मग बंदुकीच्या तोंडातच सुरी खुपसली. झाला भाला."

"मग गोळी कशी सुटणार?"

"न्हायच सुटायची. बरीच माणसं मेल्यावर कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला. मग बाजूला कडं करून बसवली."

पलटणीतल्या म्हाताऱ्या शिपायांनी वापरलेली संगीन म्हणे हातभर लांब असायची, तलवारच, चालताना मांडीवर आपटायची. मग ती आखूड केली. मग मोठ्या लढाईत एका नव्या बंदुकीला पातंच दिलं नाही, नुसता खिळा दिला. त्या खिळ्याच्याही दोन जाती. आधीच्याला चार अंगांनी पन्हळी कोरलेल्या, मागाहून आलेला साधा गोल, कारण लढाई घाईला आली आणि पन्हळी कोरत बसायला कारखान्यात कोणाला वेळ राहिला नाही. आमची गोल होती. "ही घाईची लेक हाय," मोठाबाबा म्हणायचा. आणि त्याच्या स्वतःच्या वेळेला आणखी नवी बंदूक आली, तेव्हा परत सुरी. "कवा लांब, कवा आखूड, कवा खिळा. काम तेच."

त्या खिळ्याला मूठ नसतेच. मागे नुसतं पोकळ कडं, बंदुकीच्या नळीवर बसवायला. ती लाकडी मूठ मोठाबाबानं घरी तासून त्या पोकळीत ठोकली होती. "बंदूक हीच हिची मूठ," तो सांगायचा. "एकट्या हातात धरायला ही बनवलीच न्हाय." असं सांगून ती माझ्या हातात द्यायचा. जड असायची. मूठ गरम, त्याच्या तळव्याची, आणि पुढचं लोखंड बर्फाचं थंड.

मला सगळ्यात आवडायची आणि सगळ्यात भीती वाटायची ती गवताच्या माणसांची गोष्ट. कवायतीच्या मैदानात चौकटीला टांगलेली गवत भरलेली पोती. संगीन लावून धावत जायचं, ओरडायचं, भोसकायचं, पाय लावून उपसायचं आणि पुढच्या पोत्याकडे. "ओरडायचं कशाला?" मी विचारायची. "भ्या वाटतं म्हणून," तो म्हणायचा. "कोणाला, गवताला?" यावर तो हसायचा नाही. बाकी सगळ्यावर हसायचा.

ही कुठून आली, हे मात्र दरवेळी वेगळं असायचं. कधी म्हणायचा मुंबईत भंगारवाल्याकडे घेतली, कधी म्हणायचा एका म्हाताऱ्या हवालदारानं दिली. एकदाच, मोठीआय पाणी आणायला गेली होती तेव्हा, तो मला म्हणाला, "हिनं माझ्याआधी कोणाला काय केलंय, मला म्हाईत न्हाय. म्हणून बर्फाला लावली. बर्फाला रगत नसतं." मी तेव्हा जीभ बाहेर काढून कपची चाटत होते. चव लोखंडाची लागत होती. मी कपची टाकून दिली नाही, संपवली.

आता ती नवमी सांगते. अकरा वर्षांची होते मी.

तो ऑक्टोबर असा होता की सकाळी आठलाच अंगण तापायचं. पाट मोठाबाबाच्या घरात मांडलेला. कोयता, विळी, हातोडी, जाळं विणायच्या सुया, आणि मधे संगीन, म्यानातून काढून, कुंकवाची पाच बोटं लावून. सकाळीच बर्फाची लादी आली आणि मोठाबाबाची कुरकुर सुरू झाली. "आता ही फोडू कशानं? हत्यारांना सुट्टी, म्हावऱ्याला सुट्टी हाय का? म्हावरं सडू दे?" मोठीआय म्हणाली, "दगडानं फोडा." तो म्हणाला, "पलटणीत असतो तर आज पूजा करून उद्या हिच्यासकट लढाईला गेलो असतो." मोठीआय म्हणाली, "हितं पलटण न्हाय, दर्या हाय." तो हसत हसत किनाऱ्यावरून एक मोठा धोंडा घेऊन आला, लादी कशीबशी फोडली, मासळी भरली आणि होडीच्या पूजेची तयारी करायला गेला. अर्धी लादी गोणपाटाखाली उरली.

दुपारी सगळं गाव झोपलेलं. मी नव्हते झोपले. माझ्या डोक्यात तो उरलेला बर्फ होता. दगड मी उचलून पाहिला, मला पेलेना. मग मी आत गेले.

एवढंच आहे. यात काही मोठं नाही. पाटावरून ती उचलली, गोणपाट बाजूला केलं, तो करायचा तसं चार-पाच वेळा हलकं टोचलं आणि मग दोन्ही हातांनी जोरात. माझी लादी फुटली नाही, नुसता एक लचका निघाला. तो तोंडात कोंबला आणि संगीन होती तशी नेऊन ठेवली. होती तशी कुठली, वाकडी आणि ओली. बर्फाचं पाणी टोकावरून ओघळून खणावर गेलं आणि कुंकू त्याच्याबरोबर गेलं. मी ते पाहिलं आणि पळाले. पिंपाच्या मागे जाऊन बसले.

तिथून दार आणि आतला पाट दिसायचा. मोठीआय उठून आली. पाटासमोर थांबली.  मग तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं, खाली बसली, संगीन उचलली आणि पदरानं पुसायला लागली. टोकापासून मुठीपर्यंत, घाईघाईनं, उष्टं भांडं कोणी बघायच्या आत विसळावं तशी. नवीन कुंकू लावत होती तेवढ्यात माझी आई दारात.

"जाऊबाय, आज नवमी हाय," आई म्हणाली.

मोठीआयच्या हातात संगीन तशीच. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"मग हातात का?"

मोठीआयनं उरलेलं कुंकू लावलं आणि ती परत पाटावर ठेवली. माझ्या तोंडात अजून बर्फ होता. थुंकावा तर आवाज होईल, चावावा तर आवाज होईल. मी तो तसाच धरून बसले. दातात अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणी आलं. तो वितळेपर्यंत मी हलले नाही.

दसऱ्याला होडीला फुलं बांधली, सोनं वाटलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठाबाबा होडीवर गेला. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "आल्यावर नवी लादी." तिसऱ्या दिवशी होडी आली. त्याचा सदरा आला, डबा आला, विडीचं बंडल आलं. तो आला नाही. काय झालं ते होडी चालवणाऱ्या तांडेलानं सांगितलं, दोनदा सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, कारण ऐकून घेतल्यावर कोणाचंच समाधान झालं नाही. समाधान झालं ते आईनं विहिरीवर सांगितलं त्यानं. "जाऊबायनं नवमीला टोचा उचललेला, मी माझ्या डोळ्यांनी बघितला." हे गावाला लगेच पटलं.

आई वाईट बाई नव्हती. तिला धाकटा दीर असता तर त्याच्यासाठी रडली असती तशीच ती मोठाबाबासाठी रडली. पण तिनं ते सांगितलं, आणि मी तिच्या शेजारी कळशी धरून उभी होते, आणि मी काही बोलले नाही. नंतर बोलू म्हटलं. नंतर म्हणजे बाराव्याला, मग पुढच्या नवमीला, मग दहावी झाल्यावर, मग लग्न झाल्यावर. मी मोरव्याला आत्याकडे राहून शाळा शिकले, मग नोकरी लागली, मग भाईंदर, मग मीरा रोड. प्रत्येक घर तारोडीपासून थोडं लांब. लोक म्हणायचे, पोर शिकली, पुढे गेली. मी पुढे गेले नव्हते, मी लांब गेले होते.

मोठीआयला होड्यांच्या पूजेला कोणी बोलवेना. बोलवत नाही असंही कोणी म्हणायचं नाही, नुसतं आधी सांगायचं विसरायचे. तिनं बोंबील सुकवले, जवळा विकला, एकटी राहिली. दर खंडेनवमीला ती संगीन पाटावर मांडायची, दसऱ्याला उचलून पेटीत ठेवायची. बर्फाला ती परत लागली नाही. आणि मोठीआयच्या तोंडालाही बर्फ लागला नाही. उन्हाळ्यात तिच्याकडे गेलं, थंड सरबत नेलं, की ती पेला बाजूला ठेवायची आणि त्यातला बर्फ पूर्ण विरघळून पाणी कोमट झालं की मग प्यायची. मी समोर बसून ते बघायची. माझ्या दातात कळ यायची.

आणखी एक गोष्ट होती. सर्वपित्रीला ती सगळ्यांची पानं वाढायची, सासऱ्यांचं, सासूचं, पुढे माझ्या आईवडिलांचंसुद्धा. मोठाबाबाचं वाढायची नाही. मला वाटायचं, तो गेला हे ती अजून मानत नाही. मला हे आवडायचंही. किती मूर्खासारखं आवडायचं ते आता कळतंय.

निखिल, माझा मुलगा, दोन महिन्यांपूर्वी जहाजावर गेला. इंजिन रूममध्ये आहे, पहिलीच बोट. मी त्याला बँकेत जा म्हटलं, शिकवण्या घे म्हटलं, काहीही कर म्हटलं. तो म्हणाला, "मम्मी, आपण कोळी ना, पाण्याला काय घाबरतेस?" तो गेल्यापासून माझी झोप गेली. म्हणून मी यंदा सर्वपित्रीला तारोडीला गेले. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला वापरायचे नाहीत. मला भीती वाटली म्हणून मी गेले.

बस मोरव्यावरून पुढे निघाली की पूर्वी मिठाचे ढीग दिसायचे. मी बघितलंच नाही या वेळी. पर्स मांडीवर घट्ट धरून एकच वाक्य पाठ करत होते, शाळेतल्या भाषणासारखं.

मोठीआय ओट्यावर सुपात जवळा निवडत बसली होती. चौऱ्याऐंशीची असेल. डोळे गेलेत, बोटं गेली नाहीत. पानं वाढून झाली होती. नेहमीसारखीच, एक सोडून.

"त्याचं वाढत नाहीस," मी म्हटलं. पाठ केलेलं वाक्य हे नव्हतं.

"न्हाय."

"का गं?"

तिनं जवळ्यातला एक खेकडा उचलून फेकला. "त्यानं नवमीला टोचा उचलला. मी सांगितलं व्हतं, दगडानं फोडा. हसला. माझ्यासमोर दगड घेऊन आला आणि दुपारी गुपचूप जाऊन टोचा काढला. ओला करून तसाच टाकला पाटावर, पुसायचं बी भान न्हाय. मी पुसला, कोणाला कळू नये म्हणून. तुझ्या आईनं बघितलं. मी म्हटलं, असू दे, माझ्या नावावर असू दे, त्याला गावानं बोल लावायला नको. पण मी त्याला सोडलं न्हाय. दर्यानं नेला न्हाय त्याला, तो आपल्या पायानं गेला. मला हसला आणि गेला. त्याला पान कशाला?"

मी अठ्ठेचाळीस वर्षं समजत होते की मी तिचं नाव घालवलं. नावाचं तिला काहीच नव्हतं. मी तिचा नवरा तिच्यापासून तोडला होता, मेल्यावर.

"मोठीआय," मी म्हटलं, "त्यानं नाही उचलली. मी उचलली. बर्फ खायला."

तिचे हात थांबले. सुपातला जवळा तसाच. कोंबडी आली, दोन दाणे टिपून गेली, तिनं हाकललं नाही.

"त्यानं न्हाय?"

"नाही. मी. मी पिंपामागे बसले होते, तू पुसत होतीस तेव्हा."

"तवा तू केवढी व्हतीस?"

"अकरा."

"अकरा म्हंजे लहान न्हाय," ती म्हणाली.

ती रडेल असं मला वाटलं होतं. शिव्या देईल असंही वाटलं होतं, त्याची मी वाट बघत होते. ती उठली, भिंतीला धरत आत गेली, आणि आतून म्हणाली, "पान घे. केळीचं धू. त्याला वाढ." मी वाढलं. भात, वरण, बोंबलाचं सुकं. तिनं स्वतः पाण्याचा पेला भरून ठेवला. मग अंगणात पान ठेवून ती त्याच्यासमोर बसली आणि हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलायला लागली. मी दोन पावलं मागे सरकले. मला फक्त एवढंच ऐकू आलं, "मला काय म्हाईत."

तिचं बोलून झाल्यावर ती पेटीकडे गेली. खाकी कापडात गुंडाळलेली संगीन आणून माझ्या हातात ठेवली. जड होती. मूठ थंड होती.

"ही आता तुझी," ती म्हणाली. "माझं सरलं."

"मोठीआय, मी काय करू हिचं?"

"मी काय करत व्हते? नवमीला पाटावर मांडायची. दसऱ्याला उचलायची. मधे हात लावायचा न्हाय." मग मी चपला घालत असताना तिनं मला विचारलं, सहज विचारल्यासारखं, "पोरगा कुठं हाय तुझा?"

"जहाजावर."

"हं," ती म्हणाली. तिचा राग गेला होता, हे मला दिसत होतं. गेला म्हणजे कुठे गेला, एवढंच कळत नव्हतं.

बसमध्ये मी ती छत्रीच्या पिशवीत घालून मांडीवर आडवी धरली. शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं, "आंटी, थोडा सरकेंगे?" मी सरकले. टोक माझ्याकडे केलं.

आज ती पाटावर आहे. सकाळी मी निखिलला मेसेज टाकला, जेवलास का, एवढाच. एकच टिक आहे. परवाचा मेसेजही एकाच टिकवर आहे. समुद्रात रेंज नसते, त्यानंच समजावून सांगितलंय मला, पंधरा-पंधरा दिवस नसते. मला माहीत आहे. फ्रीज मी सकाळपासून उघडला नाही. दूध बाहेर नासलं असेल, नासू दे.

मगाशी फोन वाजला. मला वाटलं तो. मोठीआय होती, शेजारच्या पोरीच्या मोबाईलवरून.

"मांडलीस?"

"मांडली."

"उचलली न्हायस ना?"

"नाही गं," मी म्हटलं आणि बोलता बोलता पाटाजवळ गेले. गेले नसते तर बरं झालं असतं. संगिनीच्या टोकाशी कुंकवाची जी बोटं लावली होती, त्यातलं शेवटचं बोट पसरलं होतं. खाली खणावर एक ठिपका होता, खणाच्या लालापेक्षा गडद. ऑक्टोबरची दमट हवा आहे, जुनं लोखंड ओल धरतं, खाडीच्या बाजूला तर सगळंच ओल धरतं. कपाटातल्या चादरीसुद्धा दमट लागतात. मी हे सगळं मनाशी म्हटलं. खरंच ओलं आहे की मला तसं दिसतंय, हे एका बोटानं कळलं असतं. पण बोट लावायचं नव्हतं.

"काय झालं? बोल की," मोठीआय म्हणाली.

"ओली दिसतेय गं."

पलीकडे मागे कुठेतरी मांडवावरचे बोंबील वाऱ्यानं खडखडत होते. माझा पदर माझ्या हातात आला होता, तो कधी आला मला कळलं नाही.

"पुसू नको," मोठीआय म्हणाली. "मी पुसली व्हती."

मी पदर सोडला. तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, ती तारोडीला आणि मी इथे पाटासमोर, आणि दसऱ्याची सकाळ व्हायला अजून खूप वेळ होता.